रपेटकाकांची बर्फावरची गाडी

रपेटकाका पंचाहत्तरी उलटेपर्यंत कुणाच्या मागे बसले नाहीत. स्कूटर असो की कार, हॅन्डल किंवा स्टिअरिंग स्वतःच्या हातात असेल तरच ते गाडीत पाय ठेवायचे. एसटी आणि आगगाडी या दोघींना त्यांनी नाइलाजाने सूट दिली होती, रिक्षाला मात्र नाही. एकदा रिक्षावाल्यालाच मागे बसवून यांनी त्याची रिक्षा भर बाजारातून घरापर्यंत आणली होती, असं काकू सांगायच्या. काकूंचं माहेर अकोल्याचं. त्या काही वाढवून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे ते खरंच असावं.

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. पेशाने वकील, आणि तेही मोटार अपघाताच्या दाव्यांचे. त्यांचं खरं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, ते पोस्टमनपलीकडे कुणी वाचलं नसेल. कॉलनीत नवी गाडी आली की ती आधी त्यांच्या फाटकासमोर उभी राहायची. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, बहुधा त्यांनीच पाडला असावा. हार घालून, कुंकवाचं स्वस्तिक काढून, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी तयार ठेवायची. मग काका पायात बूट घालून, कोर्टात निघाल्याच्या थाटात बाहेर यायचे. "पयली रपेट मोठ्याची," असं म्हणून हात पुढे करायचे, की किल्ली त्या हातावर पडायची. मालक मागे. लिंबू फुटायचं आणि गाडी बडनेऱ्यावरून अकोल्याच्या रस्त्याला लागायची. मूर्तिजापूरला चहा, आणि परत. ज्याने हौसेने गाडी घेतली तो बिचारा काकांच्या खांद्याआडून रस्ता पाहत बसायचा. कित्येकांना हे मनातून आवडत नसे, पण नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती.

परत आल्यावर निकाल. वेग, मायलेज, रंग यांबद्दल काका चकार शब्द काढत नसत. "चालते तं बैलगाडीबी. थांबते कशी थे पाय." ब्रेक कसा लागतो, मागचं चाक सरकतं का, मागे बसलेला माणूस पुढे आदळतो का, एवढंच ते पाहायचे. माझी पहिली मोपेड आली तेव्हा त्यांनी लोणीजवळ मोकळ्या रस्त्यावर असा काही ब्रेक मारला की माझं नाक त्यांच्या पाठीवर चेपलं. मागे वळून म्हणाले, "थांबते. घे." झाला निकाल. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "याईले बायकोपेक्षा ब्रेकची काळजी जास्त."

त्यांच्या कामामुळे हे वेड लागलं असणार. न थांबलेल्या गाड्यांचेच कागद ते आयुष्यभर हाताळत होते. दावेदार बहुतेक म्हातारे आईबाप. तरणाताठा मुलगा गेलेले, कोर्टाच्या व्हरांड्यात भांबावून बसलेले. मुलगा गेला म्हणजे या दोघांचं नेमकं काय गेलं, हे काका न्यायाधीशांपुढे असं मांडायचे की समोरच्या वकिलालाही खाली पाहावं लागे. मी एकदा सहज जाऊन बसले होते. "साहेब, यांचं उत्पन्न गेलं हे मी नंतर सांगीन. आधी हे सांगतो, की संध्याकाळी दाराची कडी वाजवणारं यांना आता कोणी नाही." कोर्टात ते शुद्ध बोलायचे. घरी आले की वऱ्हाडी.

आणखी एक त्यांचा नियम. शेजारच्या देशमुखांच्या पोराने शोरूममधून नवी मोटरसायकल स्वतःच चालवत आणली आणि काकांना म्हणाला, "बसा मांगं, दाखवतो तुमाले." काका फाटकातच उभे राहिले. "मांगं बसून निकाल देत नसतो मी." त्या गाडीला काकांनी शेवटपर्यंत ना नावं ठेवली, ना बरं म्हटलं. देशमुखांनी ती वर्षभरात विकली. कॉलनीने त्याचाही संबंध तिथेच लावला.

त्यांचा मुलगा श्रीकांत माझ्याच वर्गातला. हुशार, गुणी, सगळ्यांना देतात तसलं उदाहरण. कॉलेजात असताना पहिली मोटरसायकल मिळाली तेव्हा त्याने किल्ली स्वतः वडिलांच्या हातावर ठेवली होती आणि मुकाट मागे बसला होता. पुढे तो कॅनडात गेला, तिकडेच नोकरी, तिकडेच घर. काकू गेल्या तेव्हा आला, बारा दिवस राहिला, आणि जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, आता इथे एकटे कशाला? कायमचे या." काकांनी हे वाक्य जपून ठेवलं. सहा महिने ते वाक्य घेऊन कॉलनीभर फिरले. भांडीकुंडी वाटली, कायद्याची पुस्तकं कोर्टाच्या बार रूमला दिली. जिच्यावर वीस वर्षं प्रेम केलं ती जुनी टू-स्ट्रोक स्कूटर बडनेऱ्याच्या एका मेकॅनिकला देऊन टाकली. निघताना माझ्या हातात तुळशीची कुंडी दिली आणि म्हणाले, "आता येनं लग्नाकार्यापुरतं वं, वंदे. पोराजवळ चाललो." पंचाहत्तर वर्षांचा माणूस इतका आनंदी दिसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

हिवाळ्यात श्रीकांतने कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. नवी कोरी स्नोमोबाइल. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद पट्टा, चाक नावाला नाही. पांढऱ्या जंगलातून सुसाट निघालेली. चालवणारा श्रीकांत, आणि त्याच्या मागे हेल्मेट घातलेलं, जाडजूड कपड्यांत गुंडाळलेलं गाठोडं. खाली लिहिलं होतं, "बाबांची पहिली बर्फसफारी!" ग्रुपवर हृदयांचा पाऊस पडला. नशीब लागतं, पोरगा असावा तर असा, वगैरे. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्या गाठोड्याचे हात मागच्या दांड्या धरून होते. काका मागे बसले होते. एवढ्या लोकांनी पाहिलं आणि एकालाही ते खटकलं नाही, याचा मला अजून राग येतो.

महिनाभरात काका परत आले. ट्रंक, बॅग, सगळं घेऊन. "थंडी नाई सोसली बाप्पा," एवढंच सांगितलं, आणि लोकांना तेवढं पुरलं. लोकांना ऐकायची होती गाडी. रोज संध्याकाळी फाटकाशी बैठक जमू लागली आणि काका रंगवून सांगू लागले. गाडीला क्लच नाही, गिअर नाही, उजव्या अंगठ्याने खटका दाबला की निघते. हॅन्डलच्या मुठी आतून गरम होतात. जंगलात आखलेली वाट, वळणावर आपल्यासारख्याच पाट्या. वास मात्र थेट ओळखीचा. "धूर सोडला तिनं आन् मी म्हन्लं, अरे हे तं आपली स्कूटर! तोच टू-स्ट्रोकचा वास. पार ध्रुवाजवळ जाऊन बडनेऱ्याचा वास आला मले."

लिंबाची गोष्ट तर रोज व्हायची. नवी गाडी म्हणून काकांनी तिथल्या दुकानातून लिंबू आणलं होतं. पण ठेवायचं कुठे? चाकच नाही. शेवटी पुढच्या घसरपट्टीखाली ठेवलं. गारठ्याने लिंबाचा गोटा झालेला. गाडी वरून गेली आणि लिंबू फुटायच्या ऐवजी बर्फात रुतून बसलं, जसंच्या तसं. "श्रीकांत म्हने, बाबा, लोकं पाहताहेत, उचला ते." सगळे पोट धरून हसायचे. काकाही हसायचे. कुणी वेग विचारे, कुणी किंमत, कुणी पेट्रोल किती खाते ते. काका सगळ्यांना उत्तरं देत. ज्या माणसाने आयुष्यात मायलेजवर तोंड उघडलं नाही, तो मायलेज सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांना काही वाटत नव्हतं.

एके दिवशी मंडळी उठून गेल्यावर मी विचारलं, "काका, थांबते कशी थे?"

काकांनी मग फाटकाची कडी लावली आणि ओट्यावर बसले.

"चांगली थांबते. अंगठा काढला का जागच्या जागी." मग म्हणाले, "मधात एक लाकडाची खोली हाय, वाटसरूंसाठी. शेगडी पेटवून ठेवतात. तिथं थांबवली त्यानं. कॉफी दिली. मले वाटलं, आता किल्ली देते. म्हनून हातमोजे काढून बसलो होतो मी."

किल्ली मिळाली नाही. श्रीकांतने तिथे सांगायचं ते सांगितलं. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या, लांबलचक हिवाळा, घरात दिवसभर कुणी नाही. पुण्याला वृद्धांसाठी फार चांगली जागा पाहून ठेवली आहे, चोवीस तास डॉक्टर, बाग, वाचनालय. नाव घातलं आहे. अमरावतीच्या घराचंही बघून टाकू. घरी बोलायला अवघड वाटत होतं, म्हणून बाहेर आणलं, जरा तुम्हाला मजाही येईल.

"लिंबू मी बर्फातून काढून खिशात टाकलं होतं," काका म्हणाले. "थो बोलून राहिला आन् मी शेगडीजवळ लिंबू हातात धरून बसलो. हळूहळू नरम पडलं. सारा हात ओला झाला. त्याले वाटलं मी रडून राहिलो. म्हने, बाबा, असं नका करू. म्या म्हन्लं, लिंबाचं पानी हाय रे."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही वकील ना? घर तुमच्या नावावर, सांगा त्याला की मी इथेच राहीन, कुठे जात नाही. कायमचे या म्हणाला होता तो, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

"साक्षीदार भरपूर हायेत," काका म्हणाले. "मेलेल्या पोराचा दावा लावता येते, वंदे. जन्मभर लावले. जित्या पोराचा कुठी लावाचा, सांग?"

काकांनी वाद घातला नाही, कारण त्यांना हट्टाने जिंकलेलं घर नको होतं. त्यांना मुलाने हवं म्हणायला पाहिजे होतं, आणि ते कोर्टाच्या हुकमाने मिळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्याच आठवड्यात श्रीकांतचा मेसेज आला. "वंदना, बाबा तिकडे राइडबद्दल सांगतात का? आवडली ना त्यांना?" मी एकच विचारलं, "तू त्यांना चालवायला का दिली नाहीस?" लगेच उत्तर आलं, "अगं, इन्शुरन्सचा प्रश्न होता. आणि या वयात?" खाली हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही. कॉलनीला विचाराल तर श्रीकांत सोन्यासारखा. "केवढी व्यवस्था केली बापाची! एसी रूम हाय म्हंते." हे बोलणारे तेच, ज्यांच्या गाड्या काकांनी एकेक करून मूर्तिजापूरपर्यंत नेऊन आणल्या होत्या. घर विकायला निघालं तेव्हा पहिली चौकशी देशमुखांनीच केली.

काका पुण्याला जायच्या आधी चार दिवस माझी कार आली. पहिलीच कार. शोरूमच्या माणसाने ती फाटकासमोर आणून लावली आणि मी तिला हात लावला नाही. सीटवरचं प्लास्टिकही काढलं नाही. काकांना बडनेऱ्याला आगगाडीवर सोडायचं होतं, तेव्हा पहिली रपेट त्यांची, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी हार घातला, स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. काका बाहेर आले. पायात बूट, अंगात कोट, तोच थाट. मी किल्ली पुढे केली.

"पयली रपेट मोठ्याची, काका."

ते किल्लीकडे पाहत राहिले. चाकाजवळ वाकून लिंबू नीट मध्यात सरकवलं. मग गाडीला वळसा घातला, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

"चाल वं. टाइम होऊन राहिला."

मी खूप विनवलं. त्यांनी खिडकीतून बाहेर नजर लावली ती काढली नाही. शेवटी मी पुढे बसले. लिंबू फुटलं, आवाज आतपर्यंत आला. आरशात मला काका दिसत होते. आधी त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळेना, मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. प्रत्येक चौकात, प्रत्येक गतिरोधकापाशी माझ्या सीटला मागून हलका धक्का बसत होता. माझ्या पायाच्या क्षणभर आधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. बडनेऱ्यापर्यंत मी रडत रडतच गाडी चालवली. नव्या गाडीत असं करू नये म्हणतात, पण मला काही आवरलं नाही.

स्टेशनासमोर मी गाडी थांबवली, अगदी हळू, त्यांनी शिकवलं होतं तशी. मागे वळून विचारलं, "काका, निकाल?"

त्यांनी दार उघडलं, बॅग स्वतः उचलली.

"मांगं बसून निकाल देत नसतो, वंदे," म्हणाले, आणि गर्दीत शिरले.