आडव्या पिंपातलं डिझेल

पहिली थप्पड कानावर बसली तेव्हा माझ्या तोंडून "नाही जी" एवढंच निघालं. दुसरी त्या "जी"वरच पडली. आमच्या गडचिरोलीकडे मोठ्या माणसाला जी म्हणतात. बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत ते चोराचं बोलणं ठरलं.

मी तिथे वॉचमन होतो. शाळा आठवीतच सुटलेली. जिन्याखालच्या खोलीत बायको आणि रांगती मुलगी. नोकरी गेली की खोलीही जाणार, ही धास्ती मला एरवीसुद्धा असायची.

झालं होतं असं. जनरेटरचं डिझेल एका गोल लोखंडी पिंपात असायचं. पिंप घोडीवर आडवं ठेवलेलं, वरच्या अंगाला भोक. त्यातून लाकडी पट्टी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पट्टीवर पाव, अर्धं, पाऊण अशा खुणा इलेक्ट्रिशियनने सारख्या अंतरावर केलेल्या. कुलपाची किल्ली माझ्याकडे. त्या रविवारी गंज काढायला पिंप रिकामं करायचं ठरलं. पट्टी बरोबर पावाच्या खुणेपर्यंत भिजली. दोनशे लिटरचं पिंप, म्हणजे पन्नास निघायला हवं. कॅनमध्ये चाळीससुद्धा भरलं नाही.

"बाकीचं कुठे विकलंस?" तिसऱ्या मजल्यावरच्या, जिमला जाणाऱ्या तरुणाने विचारलं आणि उत्तराआधीच पोटात लाथ घातली. मी घोडीवर आपटलो, भुवई फुटली. सकाळी माझ्याबरोबर चहा प्यायलेल्या इलेक्ट्रिशियनने माझे हात मागे आवळले. मग कोण मारतंय ते कळेना. डोळ्यांत रक्त, नाकात डिझेलचा वास, बरगडीवर कुणाचा तरी बूट.

"पोलिसांना फोन करतो," चेअरमन म्हणाले, "तोवर चालू द्या."

बायको दारातून किंचाळली, "त्यायले नका मारू जी!" तिच्या बोलण्याची कुणीतरी नक्कल केली. मुलगी रडत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हातात साबुदाण्याची रिकामी बरणी.

"मारून झालं असेल तर जरा गणित करू या का?"

"बाई, आपण यात पडू नका," चेअरमन म्हणाले.

"पडायला जागा कुठे ठेवलीत? तिथे हा पडलाय."

बरणी उंच, सरळ, काचेची. बाईंनी तिच्यावर पेनाने उंचीचे चार सारखे भाग केले, बुडाच्या गोलावरही तसेच. थोडं पाणी भरून झाकण लावलं, बरणी आडवी धरली. पाणी कमी-जास्त करत आडव्या बरणीच्या पाव उंचीवर आणलं.

"तुमच्या पट्टीने हे पाव. बरोबर?"

"बरोबर," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

त्यांनी बरणी उभी केली. पाणी पावाच्या रेघेखाली बोटभर राहिलं.

"गोल भांडं आडवं केलं की तळाशी अरुंद, मध्ये रुंद. तळातल्या पाव उंचीत पाव घनफळ मावत नाही, पाचवा हिस्सा जेमतेम. अर्ध्यावर पट्टी खरं बोलते, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नाही. दोनशेचा पाचवा हिस्सा किती?"

सगळे कॅनकडे बघू लागले. जिमवाला वळला आणि त्याने इलेक्ट्रिशियनची गचांडी धरली. त्याचं डोकं भिंतीवर आदळल्याचा आवाज झाला.

"त्यालाही मारणार?" बाई कडाडल्या. "मग त्याची पट्टी खरी मानणारे तुम्ही सगळेच रांगेत उभे राहा!"

हात थांबले. एकेक जण लिफ्टकडे सरकला. माफी कुणी मागितली नाही. बाईंनी पदराचं टोक माझ्या भुवईवर दाबलं. मी त्यांच्या पायाशी वाकलो तर ओरडल्या, "आधी रक्त थांबू दे!" ते पाय मला आजही देवासारखे आहेत.

पण तेव्हा माझं सगळं लक्ष चेअरमनांकडे होतं. फोन खिशात टाकून ते निघाले. मी भिंत धरून उठलो.

"साहेब, संध्याकाळची ड्युटी माझीच ना जी?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "मग काय, मी बसू गेटवर?"

खोली राहिली, म्हणून मी बायकोकडे बघून होकाराची मान हलवली. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि जिन्याखालच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.