जर्मनचा पेला

वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, संतपूरकडच्या आमच्या रानात सगळी भावकी जेवायला जमते. माठातली आंबील हातोहात फिरते. मी दहा वर्षांची असताना काकूनं माझ्यासाठी वेगळा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला आणला आणि मला एकटीला बांधावर बसवलं. माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला खाज सुटायची, कातडी फाटून पाणी यायचं. "हिचं दुसऱ्याला लागतंय," काकू म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. पुढची सात वर्षं मी बांधावरच जेवले.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला बीदरच्या कॉलेजात घातलं, ते उपकार फिटायचे नाहीत. तिथं एका तासाला बाईंनी फळ्यावर एक पेशी काढली, आत बारीक दाणे भरलेली. माझ्यासारखा इसब असलेल्या माणसांची कातडी मुळात कच्ची असते, धूळ आत शिरते. शरीर त्या धुळीला वैरी समजतं, पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि ही पेशी दाण्यांतलं हिस्टामिन बाहेर सोडते. खाजेला एकटं हिस्टामिनच कारण नसतं, आणखीही रसायनं असतात. पण यातलं काहीच दुसऱ्याला लागत नाही. ते वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं. त्या पेशीसारखीच मीही भरून बसले होते.

काकूच्या चार वर्षांच्या नातीला तेच झालंय, हे मला दिवाळीत कळलं. म्हणून येळवशीला मी तो पेला पिशवीत घालून नेला.

रानात बायका आपापली पोरं नातीपासून ओढून घेत होत्या. काकूनं मला बाजूला बोलावलं.

"तू शिकलेली हाईस. सांग की गं समद्यांना, लागत न्हाई म्हणून."

"तुमीच सांगा."

"माझं कोण ऐकतंय?"

"माझ्या येळेला ऐकलं की समद्यांनी."

मी पेल्यात आंबील ओतून पोरीला दिली. ती अर्धी प्याली. उरलेली मी काकूपुढं धरली. काकूनं पेला ओळखला. गुमान प्याली आणि म्हणाली, "लागत न्हाई. हिचंबी नव्हतं लागत."

"बांधापतूर ऐकू गेलं न्हाई, काकू."

ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. पोरीला पंगतीत जागा झाली. तिच्या आईला मी औषधाचं सांगितलं, डॉक्टरांकडं घेऊन जायला सांगितलं.

पोरीसाठी एकदा म्हटलेलं पुरलं असतं. दुसऱ्यांदा मला ऐकायचं होतं.