चर्चबाहेरचा काळा चहा

ओल्या चुन्याचा वास आला की मला डोळखांबकडच्या एका पाड्यातलं छोटं चर्च आठवतं. मी तिथे पाळक होतो. नाताळाआधी भिंतींना चुना लागला की पाळकाने मंडळीसमोर उभं राहून आपल्या वर्षभराच्या चुका सांगायच्या आणि बाहेर जाऊन बसायचं, अशी तिथली रीत. त्याला ठेवायचं की नाही, ते लोक आत ठरवणार. त्या वर्षी मी सांगितलं, वीटभट्टीवर गेलेल्यांना भेटायला गेलो नाही, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्या बायकांवर उगाच चिडलो. बाहेर आंब्याखाली बसलो, तर आतून आधी भांडण ऐकू आलं, मग चक्क हसणं. शेवटी एक म्हातारी काळा चहा घेऊन आली. "आजी, काय ठरलं?" "ठरलं ना. च्या प्या, पास्टर." "पण माझ्या चुकांचं काय?" "त्या आमी वाटून घेतल्या," ओढ्यातले मासे घरोघर वाटावेत तसं ती सहज म्हणाली. ही माफी होती की थट्टा? पुढे कितीतरी वर्षं मी तिथेच राहिलो, पण विचारायचं धाडस झालं नाही. आता निवृत्त होऊन शहापुरात राहतो, आणि अजून कळत नाही, माझं ते चिडणं कुणाच्या वाट्याला गेलं असेल.