सुरेखाताईंचा टर्न आला आणि को-ऑपचा नियम बदलला

ऊन पार अंगणात आलं तरी सुरेखाताईंच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही चौघंच. ताई, त्यांचे मिस्टर, त्यांची प्राची आणि मी. वडाभाताचं पातेलं झाकून ठेवलेलं. सतरंजीवर पुठ्ठ्याचे सिग्नल मांडलेले. मिस्टर लोको पायलट, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणारे. मुलांना सिग्नल समजावून सांगायचे म्हणून त्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती.

मुलं येत नव्हती. माझ्या फोनवर मेसेज येत होते. कुणाकडे ताप, कुणाकडे पाहुणे, कुणाची कार सर्व्हिसिंगला. जयपुरात एकाच सकाळी इतकी संकटं.

मी होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांना जोडणाऱ्या एका छोट्या संस्थेत कोऑर्डिनेटर आहे. होमस्कूलिंग म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरी शिकवायचं आणि परीक्षा ओपन बोर्डातून द्यायची. घरी पुस्तकं मिळतात, व्हिडिओ मिळतात. सोबत मिळत नाही. म्हणून आमचा को-ऑप. दर शनिवारी एका घराचा टर्न. त्या घरातलं मोठं माणूस आपल्याला येतं ते सगळ्यांच्या मुलांना शिकवतं, आणि जेवणही त्याच घरी. वैशाली नगरसारख्या जयपूरच्या सुखवस्तू वस्तीतल्या घरांमध्ये हे छान चाललं होतं.

त्यातल्या बहुतेकांनी शाळा हौसेनं सोडली होती. 'सिस्टम' पटत नाही म्हणून. प्राचीची सुटली, कारण वर्गातल्या मुली तिला 'कोटेवाली', म्हणजे आरक्षणवाली, म्हणायच्या. टीचर म्हणाली, इग्नोर करो. बारा वर्षांची पोर बोलायचीच बंद झाली. को-ऑपमध्ये येऊन ती पुन्हा तोंड उघडायला लागली. अनन्या नावाची मैत्रीण झाली. हे गेलं असतं तर तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

आदल्या दिवशी ताईंनी दार ओळखू यावं म्हणून घराचा फोटो ग्रुपवर टाकला. दारावर पंचशील ध्वज. कुणीतरी विचारलं, आप लोग बौद्ध हैं? ताईंनी 'हो जी' लिहिलं, पुढे नमस्काराचा इमोजी. त्यानंतर ग्रुप गप्प.

मी अंगणात जाऊन अनन्याच्या आईला फोन लावला. त्यांनी निदान तापाचं सांगितलं नाही.

"देखो, हम ये सब नहीं मानते. पर घर में सासू माँ हैं. और वहाँ खाना भी तो है ना."

मी ग्रुपवर लिहिलं: ताप असेल तर ताप सांगा, जात असेल तर जात सांगा. लगेच डायरेक्टर मॅडमचा फोन. त्या मूळच्या पुण्याच्या, इथे कॉलेजात प्रोफेसर.

"तू मेसेज टाकतेस की पॅम्फ्लेट वाटतेस? डिलीट कर. ही घरं गेली तर को-ऑपच उरणार नाही."

"आत्ता तरी कुठे उरलाय, मॅडम?"

त्या म्हणाल्या, मी मार्ग काढते. संध्याकाळच्या आत मार्ग निघाला. इथून पुढे कुणाच्याच घरी नाही, पार्कमध्ये भेटायचं. टिफिन ज्याचा त्यानं आणायचा. कारण दिलं, हायजीन. एकमेकांकडची दाल-बाटी आजवर बोटं चाटून खाणाऱ्यांना आता हायजीन आठवलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मुलांचे ताप उतरले.

पुढच्या शनिवारी मी प्राचीला न्यायला गेले. पार्कात अनन्या येणार आहे, असंही सांगितलं. ती कॉटवरून उठली नाही.

"मी नाही येत. शाळेत निदान तोंडावर तरी म्हणायच्या."

मिस्टर उठून बाहेर गेले. ताई म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. काहून लागायचं लोकांच्या मागं?"

नव्या सत्रात प्राची त्याच शाळेत परत गेली. बोलते का, हे ताईंना विचारायचं धाडस मला होत नाही. पार्कातला को-ऑप जोरात चालू आहे, आणि तो मीच चालवते. मी सोडला तर सुरेखाताईंसारख्या पुढच्या आईचा फोन घ्यायलाही कुणी नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालते.

नवं कुटुंब आलं की फायदे सांगायच्या आधी मी त्यांना एवढंच सांगते. मूल शाळेतून काढता येतं. पण 'कोटेवाली' हा शब्द त्या मुलींना शाळेनं शिकवला नव्हता. त्याही तो घरीच शिकून आल्या होत्या.