दोष डोळ्यांचा नव्हता

लोहारा गावातल्या दुकानात मी मोठा एचडी टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, “काका, सेट-टॉप बॉक्सबी एचडीच घ्या, न्हायतर चित्र पुसट दिसंल.” त्याच्याकडून शिकायला नको म्हणून मी घरचा जुनाच बॉक्स जोडला.

बायको म्हणाली, “माणसांची तोंडं धूसर दिसायलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन वाया गेलं वाटतं.”

खरं कारण ठाऊक असूनही मी म्हणालो, “वय झालं आता.”

उरलेली नजर जपायची म्हणून तिनं गोधडी शिवणं सोडलं. दोन वर्षांनी मुलानं बॉक्स बदलला. चित्र लख्ख झालं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे माझे डोळे चांगलेच होते की,” ती म्हणाली.

अर्धवट गोधडी अजून ट्रंकेतच आहे.