परवा गेलेला माणूस

माझ्या नवऱ्याचं या जगात जे काही जिवंत उरलं होतं, ते मूसी नदीच्या पलीकडच्या एका दवाखान्यात, द्रव नायट्रोजनच्या टाकीत होतं. हे वाक्य मी कधी कुणासमोर उच्चारलं नाही. लोकांचा चहा हातातच राहिला असता.

त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. किमोनंतर मूल होणं अवघड जाईल, म्हणून आधीच वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी पुण्याची, असलं काही चारचौघांत निघालं की जमिनीकडे बघणारी. तो हैदराबादचा, त्याला कशाचीच लाज नाही. काम उरकून हसतच बाहेर आला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "संभाल के रखो भाई, परसों आके ले जाते."

या 'परवा'वरून आमची नेहमी भांडणं व्हायची. या शहरात 'परसों' म्हणजे दोन दिवस नव्हेत. मागचा महिना, मागचं वर्ष, शाळेतली मारामारी, सगळं परसोंच. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या नारायणगुड्यात राहून माझ्या सासरच्यांचा मराठी 'परवा'ही तसाच सैल झालेला. आमच्या पहिल्या भेटीबद्दलही तो म्हणायचा, "परवाचीच तर गोष्ट." मी म्हणायचे, "आमच्या पुण्यात भिंतीवर कॅलेंडर असतं."

ठेवलेलं न्यायला जायची वेळ आलीच नाही. उपचार चालू असतानाच तो गेला.

घरात सासूबाई आणि मी उरलो. त्यांना मी आई म्हणते. मला धड दुःखही होत नव्हतं, आणि त्याचा संताप यायचा. फोटोला हार घातला होता, तेरावं झालं होतं, तरी तो पुरता गेला नव्हता. दुपारी लाइट गेली की मी हातातलं काम टाकून उठायचे. त्या टाकीला वीज लागत नाही, हे तिथल्या लोकांनी मला नीट समजावलं होतं. तरी पंखा थांबला की वाटायचं, तिकडे तो वितळतोय. आई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "लाइट सगळीकडंच गेली का गं?" त्यांना काय विचारायचंय ते मला कळायचं.

त्यांना नातवंड हवं होतं. तोंडाने बोलायच्या नाहीत, पण शेजारपाजारच्या बाळांची झबली लहान झाली की मागून आणायच्या. नव्या बाळाला आधी जुनंच घालायचं असतं. कपाटातला एक कप्पा त्यांनी भरला होता. मला तो कप्पा उघडायची भीती वाटायची. मी छत्तिशीची. आणखी थोडी थांबले असते तर प्रश्न आपोआप मिटला असता, पण तसा तो मिटावा असंही वाटेना.

यंदा दवाखान्यातून फोन आला. ठेवायचं, वापरायचं की काढून टाकायचं, ते येऊन सांगा. आम्ही दोघी गेलो. समोरची समुपदेशक मुलगी नवीन होती, दिल्लीकडून आलेली. फाइल उघडायच्या आधीच तिने हळू आवाजात विचारलं, "पती कब गुज़रे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "परसोंच गया माँ, मेरा बच्चा."

मुलगी पांढरीफटक पडली. पाणी घेऊन आली, खुर्ची ओढून जवळ बसली, माझा हात हातात घेतला. "दीदी, आज कुछ मत सोचिए. आपने कुछ खाया?" तो गेल्याला तीन वर्षं झाली होती. जेवलीस का, असं मला आता कुणी विचारत नाही. पुढे काय, एवढंच विचारतात. तिची चूक मी दुरुस्त करायला हवी होती. शब्दांच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही. पण मला रडू फुटलं आणि ते थांबेना.

परतताना ऑटो मूसीच्या पुलावर अडकली. आई नदीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "खरं सांग बाई. तुला लेकरू पाहिजे, का तो पाहिजे?"

"तो," मी म्हणाले.

"मला बी तोच पाहिजे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग आपण दोघी त्या लेकराच्या तोंडात त्यालाच बघत बसू. हसलं तरी तो, रुसलं तरी तो. लेकराला त्याचं म्हणून काय ऱ्हाईल? नक्को."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी उलट त्यांच्यावर चिडले. "थोडे दिवस तरी राहू द्या ना," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मीच म्हणाले, "आई, चला." काढून टाकायच्या कागदावर मी सही केली. आईंना एकदा बघायचं होतं. तिथल्या माणसाने टाकीचं झाकण काढलं, पांढरी वाफ जमिनीवर उतरली, आणि लांब चिमट्याने त्याने बोटाएवढी एक कुपी काढून ताटलीत ठेवली. तिच्यावरचा बर्फ हळूहळू उतरला. हात लावण्याजोगी झाली तेव्हा आईंनी ती मागून घेतली. दोन्ही तळव्यांत धरून त्या ती चोळू लागल्या.

"गार पडलाय गं," त्या म्हणाल्या. "किती गार पडलाय."