बाळाच्या डोक्यावरचं शेंडेनक्षत्र

दिपिकानं त्या ताऱ्याला शेपूट काढलं आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मी बी.ए. झालेली बाई. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ, हे मला कळतं. पण मुलीला सातवा महिना लागलाय, आणि आमच्याकडे शेंडेनक्षत्र उगवलं की गरोदर बाईला अंगणात येऊ देत नसत. सगळं कळूनही झोप लागत नाही.

दिपिका माझी थोरली. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तिचे वडील धरमतरला जेट्टीवर कामाला होते. मिठागराच्या बांधावर बसवून ते तिला तारे दाखवायचे. "ती बाज, आन् तो बघ इंचू." म्हणजे सप्तर्षी आणि वृश्चिक. पुढचं तिनं वाचनालयातल्या पुस्तकांतून मिळवलं. बी.एस्सी. झाल्यावर रोह्याच्या कंपनीत लॅबची नोकरी मिळत होती. "शिफ्टमध्ये आकाश कधी बघू?" म्हणाली आणि ब्रश हातात धरला. लग्न होऊन रोह्याजवळ वरसेला गेली, तरी गाडीनं रोज पेणला येते.

यंदा कारखान्याला एका चर्चकडून नाताळच्या गोठ्याची ऑर्डर आली. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढ्या आणि वर तारा. नमुन्याच्या फोटोत ताऱ्याला लांब शेपूट. मालकीण विमलबाई त्याला हातच लावेनात.

"तान्ह्या बाळाच्या डोक्यावर शेंडेनक्षत्र? नाय गो, आपल्या हातून नको."

दिपिकानं सरळ तिथल्या फादरना फोन केला. ते हसले. बायबलात शेपटाचा उल्लेखच नाही म्हणाले, पण आमच्या लोकांना शेपटाशिवाय तो तारा ओळखू येत नाही. मग हिनं सगळ्या कारखान्याला समजावलं. कुणी म्हणतं तो धूमकेतू होता, कुणी म्हणतं गुरू आणि शनी अगदी जवळ आले होते. २०२०च्या डिसेंबरात ते तसे आले, तेव्हा तिनं आम्हाला संध्याकाळी गच्चीवर नेऊन दाखवलेही होते. खात्रीनं मात्र कुणालाच सांगता येत नाही.

शेवटी शेपूट तिनंच काढलं, पण वरच्या बाजूला. म्हणे, शेपूट सूर्याच्या उलट दिशेला असतं, आणि रात्री सूर्य आपल्या पायाखाली.

रंगकाम करणारा जगन म्हणाला, "ताई, ह्यो तर गोठ्यात धपकन पडतोय!"

"पडू दे. बाळाला खेळायला होईल."

हे ती मला फोनवर सांगत होती तेव्हा मीही वरवर हसले होते.

काल तिच्या सासूबाईंचा, इंदुबाईंचा फोन आला. कारखान्यातली गोष्ट गाडीतल्या बायकांकडून त्यांच्या कानावर गेली होती. "विहीणबाई, माझं नाय ऐकायची ती, तुमचं ऐकंल. शेपूट पुसून टाकाया सांगा. आन् बाळंत होईस्तोवर काम बंद. माझ्या जिवाला घोर लागलाय."

वाईट बाई नाहीत त्या. घोर लागावा असं घडलंय. २०२२च्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं, तेव्हा दिपिकाला पहिल्यांदा दिवस गेले होते. त्या ग्रहणाची ती वर्षभर वाट बघत होती. पण सासूबाईंच्या शब्दाखातर दार-खिडक्या लावून खोलीत बसून राहिली. सुरीला हात लावला नाही, सुईला लावला नाही. तरीही पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला विचारायची, "आई, मी खिडकीच्या फटीतून उजेड कमी होताना बघितला होता. त्यानं तर झालं नसेल?" ग्रहण का होतं ते पोराबाळांना समजावून सांगणारी माझी मुलगी असं विचारायची.

मी सांगितलं तर ती शेपूट पुसेल. माझ्यासाठी पुसेल. पण मग बाळाला पुढे साधा ताप आला तरी ती स्वतःकडेच बोट दाखवेल, कारण या वेळी भीती तिच्या आईनं तिच्या हातात दिलेली असेल. काम बंद करून घरी बसली, तर दिवसभर तेच उगाळेल.

माझी भीती काही मी एवढं लिहिल्यानं जाणार नाही. इंदुबाईंचीही जाणार नाही. म्हणून उजाडल्यावर फोन करायचा तो त्यांना, दिपिकाला नाही. "ताई, घोर तुम्हाला आहे तसा मलाही आहे. तो आपण दोघींनी आपल्यातच ठेवू. तिच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर मला फोन करा, कितीही वेळा करा."